किल्ली सोडायची नाही

मनवेलपाड्याच्या तलावापाशी स्कूटर बंद पडली. रेवाताईनं स्टार्टरचं बटण दाबलं, इंजिन खर्र खर्र करत आता धरणार, तेवढ्यात तिनं अंगठा काढून घेतला. तव्याला लागल्यासारखा. पुन्हा दाबलं, पुन्हा काढला. मी मागं बसले होते, मांडीवर तिची पिशवी, डोक्यावर बाबांचं मोठं हेल्मेट, आणि त्या हेल्मेटच्या काचेतून मला फक्त तिची मान आणि तो अंगठा दिसत होता. मागचा रिक्षावाला आधी हॉर्ननं बोलला, मग तोंडानं. "ओ मॅडम, दाबून धरा की! गुदगुल्या काय करताय गाडीला?" मला हसू आलं. खरंच आलं, मी काय करू, वाक्यच तसं होतं. पण ताईची मान हसली नाही. ताईची मान हसते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आधी मानेवरचे बारीक केस हलतात आणि मग आवाज येतो. आज ती मान लाकडासारखी होती. तिनं स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर चढवली आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. किक मारली की पाय आपोआप सुटतो, तिथं काही धरून ठेवावं लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला एवढंच वाटलं की जिला विमान चालवता येतं तिला स्कूटरचं बटण दाबता येत नाहीये.

आम्ही आगाशीला वाडीवर चाललो होतो. आशालता आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, वाडीतच राहते, आणि तिचा सकाळी फोन आला होता की ट्रान्सफॉर्मर उडालाय, कालपासून मोटार बंद आहे, पानवेलीनं माना टाकल्यात, गुरूला पाठव. गुरू म्हणजे आमचे बाबा, गुरुदत्त, ते ऑफिसच्या कामाला नाशिकला. मग आईच म्हणाली, "रेवा आहे ना घरी. पाणी खेचायचं ते जुनं इंजिन तिच्याशिवाय कोणाचं ऐकतं?" आई कौतुकानं म्हणाली. ताईनं हातातला चहाचा कप इतका हळू खाली ठेवला की कपाचा आवाजसुद्धा आला नाही. ताई नाताळाच्या आधी अचानक घरी आली होती. ती तिकडे देशावर एका फ्लाइंग क्लबात शिकते. क्लब म्हणजे काही भारी नाही, माळावरची एक धावपट्टी, एक पत्र्याची उंच शेड आणि शेडमध्ये हौशी श्रीमंतांची छोटी छोटी खाजगी विमानं, जी ते लोक स्वतः वर्षातून एकदा उडवतात आणि बाकीचे दिवस शिकणारी मुलं. "विमान दुरुस्तीला गेलंय, म्हणून सुट्टी," असं ताई म्हणाली आणि आईला ते पटलं, कारण आमच्या घरात मिक्सरसुद्धा नेहमी दुरुस्तीलाच असतो. मलाही पटलं होतं. फक्त एक गोष्ट. ताईच्या कपाटाच्या दाराला आतून एक मोठं चित्र चिकटवलेलं आहे, विमानातली सगळी घड्याळं, बटणं, दांडे, जसेच्या तसे. शिकायला जायच्या आधी ती त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची, डावा हात कागदावरच्या किल्लीवर, उजवा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायच्या दांड्यावर, आणि तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर मी. मी सर. मी पुस्तकातून मोठ्यानं ओरडायची, "इंजिन सुरू करताना आग!" आणि ती डोळे मिटून घडाघडा म्हणायची, किल्ली सोडायची नाही, इंजिन फिरवत राहायचं, थ्रॉटल पुढे, आग आत ओढली जाते. मला ते प्रचंड आवडायचं. कारण जगात बाकी सगळीकडे आग लागली की हात काढायचा असतो, आणि इथं म्हणे सोडायचं नाही, इंजिनालाच ती आग गिळायला लावायची. "म्हणजे पळायचंच नाही?" मी एकदा विचारलं होतं. "पळायचं गं, पण सगळ्यात शेवटी," ताई म्हणाली होती, आणि मला ते इतकं थोर वाटलं होतं की मी ते शाळेच्या कंपासपेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवलं होतं. आता ती आल्यापासून कपाटाचं दार फक्त कपडे काढण्यापुरतं उघडत होती. वीतभर. आणि कपडे काढताना भिंतीकडे बघत होती.

रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही विरार पश्चिमेला आलो. बोळिंजच्या पुढं गेलं की हवा बदलते हे मी डोळे मिटूनही सांगू शकते, आधी सिमेंट, मग शेणखत, मग एकदम तगरीचा ओला वास. घरांवर नाताळचे तारे अजून तसेच होते, दिवसाउजेडी जरा दमलेले. एरवी मी मागं बसून अखंड बोलते. सध्या तर फारच बोलते, असं आईचं म्हणणं आहे. त्याला कारण आहे. मे महिन्यात मी वाडीतलं बावखल पोहून पार केलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीपेक्षा ऐसपैस, कडेनं माड आणि केळी, आणि मधोमध इतकं खोल आणि हिरवं की लहानपणी मला त्याच्या काठावरसुद्धा कुणी उभं राहू देत नसे. ते मी पार केलं. मध्यावर पोचल्यावर पायाखाली काहीच नाही हे कळलं, काहीच नाही, नुसतं गार पाणी आणि त्याच्याखाली आणखी गार पाणी, आणि घाबरण्याऐवजी मला हसू फुटलं आणि नाकात पाणी गेलं. तेव्हापासून काय झालंय कोण जाणे. वर्गात हात आपोआप वर होतो. स्नेहसंमेलनाचं निवेदन मी मागून घेतलं. तोवर मी अशी मुलगी होते जिच्यासाठी रिक्षावाल्याला पैसे विचारायचे तेही ताईनं विचारायचे. रस्ता ओलांडताना ताई. इंजेक्शनला ताई. शाळेच्या पहिल्या दिवशी आई नाही, ताई. माझा डावा हात असा काही तिच्या उजव्या हातात वाढलेला होता की ती क्लबात गेली तेव्हा कित्येक दिवस मला तो हात ठेवावा कुठं ते कळत नसे.

मला शिंक आली. रुमालासाठी मी तिच्या पिशवीत हात घातला आणि हाताला भलतंच काही लागलं. काळं जाड कापड, त्यावर सोनेरी पट्ट्या, एका टोकाला तुटलेला दोरा आणि अर्धं बटण. वैमानिकांच्या खांद्यावर असते ती पट्टी. ताईची नाही, ताईच्या पट्टीला इतकं सोनं नाही. कुणातरी मोठ्या माणसाची. माझ्या डोक्यात जे काही पेटलं ते काय सांगू! म्हणजे हे आहे तर. म्हणून कपाट वीतभर, म्हणून कप हळू, म्हणून फोन सारखा पालथा ठेवलेला. मी हेल्मेट तिच्या हेल्मेटला टेकवलं आणि ओरडले, "ताई, तो दिसायला कसा आहे?" "कोण?" "ज्याची पट्टी तू उशाशी घेऊन झोपतेस तो!" स्कूटर एवढी हलली की आम्ही एका कोंबडीला जीवदान दिलं. ताई म्हणाली, "ठेव ती आत." मी म्हटलं, "नाव तरी सांग." "इशू, ती आत ठेव." "बरं, आडनाव?" तेवढ्यात आरशात मला तिचे डोळे दिसले आणि माझी सगळी प्रेमकथा तिथल्या तिथं विझली. प्रेमात पडलेल्या माणसाचे डोळे असे नसतात. वर्गात उत्तर चुकून सगळा वर्ग हसल्यावर आपण फळ्याकडे बघत राहतो ना, तसे होते ते. मी पट्टी आत ठेवली, चेन लावली आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. जणू तिला थंडी वाजत होती.

आत्या दारातच बसली होती, मांडीवर परडी, तगरीच्या कळ्या निवडत. "आलात? आधी पाणी लावा, मग चहा. नाहीतर चहा पिऊन गप्पा मारत बसाल आणि माझी पानं वाळतील." मग ताईला वरखाली बघून, "बारीक झालीस गं. वर आकाशात खायला मिळत नाही वाटतं?" ताई हसल्यासारखं करून मागं गेली. मी तिच्यामागून. केळीच्या ओळीतून, पाटाच्या कडेकडेनं, चाफ्याच्या झाडावरून डावीकडे, बावखलाच्या काठाला ती झावळ्यांची खोप आणि खोपीत ते इंजिन. हिरवा रंग कधीच गेलेला. पूर्वी ते पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून नुसतं पेट्रोल पितं. शेजारी फळीवर ती काचेची बाटली, आणि बाटलीला ते झाकण. ते झाकण आमच्या घरात फार मोठं आहे. आजोबांपासूनची पद्धत अशी की दोरी ओढायच्या आधी इंजिनाच्या तोंडात एक झाकण पेट्रोल पाजायचं. थंडी असेल तर दोन. "मशीनलापण थंडीत उठवत नाही, त्याला जरा जास्त पाज," असं बाबा म्हणायचे, आणि ताईला ते इतकं लहानपणी यायला लागलं होतं की तिची मनगटं दोरीपेक्षा थोडीच जाड होती.

आणि तिथंच ते झालं होतं. मी तेव्हा सहा वर्षांची, ताई तेरा. अशीच थंडी, अशीच लाईट गेलेली. बाबांनी एक झाकण पाजलं, दोन पाजली, इंजिन काही उठेना, मग तिसरं. मग दोरी ओढली आणि इंजिनाच्या तोंडातून एकदम मोठी, पिवळी, मऊ दिसणारी आग बाहेर आली. मला ती मऊच आठवते, मांजरीच्या पोटासारखी. मी बघत उभी राहिले. मला पळायचं सुचलंच नाही, ती इतकी सुंदर होती. आणि मग माझ्या बाहीला हिसका बसला आणि कानाशी ताईचा आवाज, "चल इशू!" आणि केळीची पानं तोंडावर फटाफट, पाटातला चिखल, माझी एक चप्पल चिखलातच राहिली, आणि आम्ही चाफ्यापाशी जाऊन पडलो. फ्रॉकची बाही तिच्या मुठीत. सबंध बाही, शिवणीपासून उसवलेली. मागं बाबांनी ओलं गोणपाट टाकून आग विझवली, खोपीच्या चार झावळ्या जळल्या, एवढंच. पण त्यानंतर कितीतरी वर्षं घरी कोणी आलं की बाबा सांगायचे, पोरीनं एका झेपेत लहानीला बाहेर काढलं, शहाणी पोर, आधी पळाली आणि मग रडली. आणि तेव्हापासूनचा नियम असा की इंजिन सुरू करताना इशूनं चाफ्यापाशी उभं राहायचं. मी दहावीत आले तरी तो नियम तसाच होता. चाफ्याखालच्या त्या जागी गवतसुद्धा नीट उगवत नाही, इतकी मी तिथं उभी राहिलेय.

ताईनं बाटली उचलली. खाली ठेवली. मग घमेलं पालथं करून त्यावर बसली आणि बावखलाकडे बघायला लागली. पाण्यावर माडाची सावली होती आणि एक खंड्या तारेवर. "सोमवारी क्लबात सरांना कळवायचंय," ती म्हणाली, "परत येतेय की नाही. मी नाही म्हणणार आहे." मला वाटलं मी ओरडीन. पण आवाज आला तो भलताच बारीक, मे महिन्याच्या आधीचा. "का?" मग तिनं सांगितलं. पाण्याकडे बघतच, आणि मधेमधे थांबून, आणि मी तिच्या पायाशी बसून ते ऐकत असताना मला ती माळावरची थंडी इथं वाडीत लागली. सकाळ होती. विमानाचे पंख दवानं ओले. शिकवणारे सिप्रियन सर उजवीकडे बसलेले, ही डावीकडे. सर म्हणाले, प्रायमर दोनदा. "प्रायमर म्हणजे पिचकारीच की, ओढायची आणि ढकलायची, तेवढं पेट्रोल इंजिनात जातं. मी दोनदा मारली. बरोबर होतं. आणि मग हाताला वाटलं, किती थंडी आहे, अजून एक झाकण."

"झाकण?" मी म्हटलं.

"हो ना! विमानात झाकण! आणि मग अजून एक. सर बाहेर बघत होते. मला कळलंसुद्धा नाही गं, मी मोजतच नव्हते, मी इथं होते." तिनं इंजिनाकडे बोट केलं. "मग किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि खाली उभा होता तो माणूस एकदम दोन्ही हात हलवायला लागला. नाकाखालून केशरी उजेड. आणि वास, हाच वास. मला सगळं पाठ होतं, इशू. तू ओरडायचीस ना स्टुलावरून, ते सगळं. किल्ली सोडायची नाही. डोक्यात स्पष्ट ऐकू येत होतं. आणि हात सुटला. डोक्याला सांगता येतं, हाताला काय सांगू? डावा हात किल्लीवरून सुटून दाराला गेला. आणि उजव्या हातानं मी सरांचा खांदा धरला आणि ओढलं. एवढे मोठे ते, सीटच्या पट्ट्यानं बांधलेले, आणि मी ओढतेय. त्यांनी माझ्या अंगावरून हात घालून किल्ली फिरवली, धरून ठेवली, थ्रॉटल पुढं ढकलला, आणि गेली आग. आत. पुस्तकात आहे तशी. खाली थोडा रंग काळा झाला, बस. मग त्यांनी सगळं बंद केलं आणि अगदी शांतपणे मला विचारलं..."

"काय विचारलं?"

"इशू कोण."

मला समजलं नाही. मग समजलं. "तू म्हणालीस?" "ओरडले. चल इशू. तो खाली उभा होता त्यानंही ऐकलं. आता कॅन्टीनमध्ये कोणी खुर्चीवरून उठलं की बाकीचे ओरडतात, चल इशू. माझ्याबरोबर शिकणारा संकेत तर त्याच्यावर नाचतो. मला त्याचं काही नाही. पण सर म्हणाले, पळालीस याचं वाईट वाटून घेऊ नको, तू एकटी पळत नव्हतीस, मलापण नेत होतीस. ते असं चांगलं बोलले ना, म्हणून मला जास्त... पट्टी माझ्या मुठीतच राहिली. खोलीवर गेल्यावर कळलं."

माझं नाव. हे एवढंसं, घरात भाजी आणायला सांगताना वापरायचं नाव, मी कधीही न पाहिलेल्या एका माळावर, एका बंद काचेच्या डब्यात, आगीच्या वासात कोणीतरी ओरडलं होतं. आणि मी तेव्हा काय करत होते? बहुतेक शाळेत होते, नाहीतर निवेदनाचा कागद हातात घेऊन आरशासमोर ऐटीत, आणि तिकडे ताई मला ओढत होती. सरांना नाहीच. त्या खुर्चीत तिच्या उजव्या हाताला नेहमी मीच असते, स्टुलावर, बाही लांब करून. इतकी वर्षं मी त्या हाताला लटकलेली आहे, आणि मला वाटलं होतं मी मे महिन्यात सुटले. मी सुटले असेन. तिच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी, खरं सांगते, मला आतून इतकं भरून आल्यासारखं, इतकं श्रीमंत वाटलं की तिथल्या तिथं उठून केळीच्या बागेला सगळं ओरडून सांगावं. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम, एकाच जागी, बरगड्यांच्या खाली.

"ऊठ," ताई म्हणाली, "आत्या ओरडेल. तू चाफ्यापाशी जा." ती घमेल्यावरून उठली. मी उठले आणि त्याच घमेल्यावर बसले. "इशू, चाफ्यापाशी." "नाही." "हे बघ, नाटकं नकोत." "नाटकं नाहीत. मी इथं बसणार. तू सुरू कर." "आणि पेटलं तर?" "पेटलं तर मी माझ्या पायांनी जाईन. मला पाय आहेत. किंवा बावखलात उडी मारीन, हे काय, इथंच आहे. मला पोहता येतं." "माहीत आहे मला तुला पोहता येतं ते, अख्ख्या विरारला माहीत आहे!" आणि तिच्या मानेवरचे बारीक केस हलले. मग आवाज आला. थोडासाच, पण आला.

तिनं एक झाकण पाजलं. हात पुन्हा बाटलीकडे गेला, मी बघत होते, बाटली तिरकी होत होती, आणि मग ती सरळ झाली. तिनं झाकण लावलं, पिळून लावलं, आणि बाटली घेऊन लांब माडाच्या बुंध्याशी ठेवून आली. मग माझ्याजवळ उभी राहून तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि उजव्या हातानं दोरी ओढली. एका हातानं ते इंजिन कधी सुरू होतं होय? नुसतं हुंकारलं. पुन्हा ओढली. इंजिन आतून फट्ट करून वाजलं, धुराचा एक गोळा बाहेर आला, आणि माझ्या मनगटाला हिसका बसला. तोच हिसका. नऊ वर्षांनी अगदी तोच, मी अंधारातही ओळखला असता. ताईचा चेहरा माझ्याकडे वळला, तोंड उघडलेलं, आणि माझे पाय, खरं सांगते, आतल्या आत चाफ्यापर्यंत जाऊन आले. पण मी बसून राहिले. घमेल्याची कड मांडीला रुतत होती, ती रुतू दिली. मी म्हटलं, "ताई, मी बसलेय." मोठ्यानं नाही म्हटलं. वर्गात म्हणते तसं नाही. आणि ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे, हाताकडे, गुडघ्यांकडे, जणू किती मोठी झालीय ही, असं पहिल्यांदाच मोजत होती. मग तिची बोटं एकेक करून सुटली. तिनं मला सोडलं. दोरी नाही सोडली. दोन्ही हातांनी दोरी धरली, पाय चौकटीवर रोवला, आणि ओढली, आणि इंजिन खोकलं तरी थांबली नाही, लगेच पुन्हा ओढली, आणि ते म्हातारं हिरवं इंजिन सगळ्या वाडीला जागं करत सुरू झालं.

भडका आलाच नाही. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या तोंडाकडे बघत होतो आणि तिथं काहीच नव्हतं, नुसती थरथरणारी हवा. पाइपातून आधी शेवाळ्याचा एक गोळा आला, मग तपकिरी पाणी, मग स्वच्छ. पाट भरायला लागला. तिकडून आत्याची हाक, "झालं का गं सुरू?" आणि ताईनं एवढ्या जोरात "झालं!" म्हटलं की खंड्या उडाला. माझ्या मनगटावर चार बोटं उमटली होती. मी ती बाहीखाली झाकली, आणि मग वाटलं कशाला, आणि बाही पुन्हा वर केली.

चहा झाला, आत्यानं पानांची जुडी आणि केळफूल बांधून दिलं, आम्ही बाहेर आलो. स्कूटरवर बसून ताईनं हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली आणि स्टार्टरवर अंगठा ठेवला. दाबला. मी मागून तिच्या कमरेला दोन्ही हात घातले होते, आणि मला तिच्या पोटाचा श्वास थांबलेला कळत होता. गाडी केव्हाच सुरू झाली, तरी अंगठा तिथंच. स्टार्टर कर्कश्श ओरडायला लागला. शेजारच्या वाडीतल्या क्लेमेंटीन मावशी कुंपणावरून डोकावल्या. "ताई," मी म्हटलं, "ताई, सोड आता! सुरू झाली गाडी!" तिनं अंगठा काढला. तिची मान हसत होती. विरार येईपर्यंत हसत होती, मी मागं बसून सगळा वेळ तेवढंच पाहिलं.

सोमवारी तिनं आईला सांगितलं की विमान दुरुस्त झालं. आई म्हणाली, "बघा, आणि आपला मिक्सर अजून नाही." कपाटाचं दार तिनं सताड उघडं ठेवून बॅग भरली. मी तिला निरोप द्यायला खाली उतरले, तेव्हा रिक्षावाल्याशी पैशांचं मीच बोलले, आणि तिनं बोलू दिलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतून आले तर तिचा फोन. तिकडे वारा एवढा होता की आधी नुसता वाराच ऐकू आला. "इशू, आज मी सुरू केलं."

"मग?"

"मग काय. झालं सुरू."

"पट्टी दिलीस परत?"

"दिली. सर म्हणाले, बटणपण लाव. आता बटण लावत बसलेय."

"आणि ऐक ना," मी म्हटलं, "किल्ली फिरवताना काही म्हणालीस का?"

मग ती म्हणाली, "म्हणाले."

"काय?"

"इशू, बस हं."

"सरांनी ऐकलं?"

"ऐकलं ना. ते बिचारे पट्टा आवळून नीट बसले."